'ओल्ड नंबर वन' आणि मूळपणाचा खटला

1990च्या जुलैमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फिलिप ऑटन यांच्यापुढे आलेल्या वादात चोरी नव्हती, अपघात नव्हता, वारसाहक्काचं भांडणही नव्हतं. एक जुनी रेसिंग गाडी होती, तिचा मालक होता आणि ती विकत घ्यायचं कबूल करून ऐनवेळी मागे फिरलेली मिडलब्रिज नावाची कंपनी होती. त्याच सुमाराला फॉर्म्युला वनमधला ब्रॅभम संघही मिडलब्रिज गटाच्या हातात होता, म्हणजे गिऱ्हाईक काही नवखं नव्हतं. सौदा एप्रिलमध्ये ठरला होता. किंमत होती एक कोटी पौंड, काही रोख आणि काही दुसऱ्या गाड्यांच्या रूपात. एका मोटारगाडीसाठी तोवर बोलल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या रकमांपैकी ही एक.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. आम्ही सौदा केला तो ल माँची चोवीस तासांची शर्यत लागोपाठ दोनदा जिंकणाऱ्या बेंटलीचा, आणि तुम्ही दाखवताय ती गाडी ती नव्हेच. तिची चासी वेगळी, इंजिन वेगळं, बॉडी वेगळी. मग 'ओल्ड नंबर वन' हे नाव तरी तिला कसं लावता?

कंपनीचा मुद्दा पोकळ नव्हता. सांगाड्यापासून इंजिनापर्यंत जवळपास सगळं बदललं होतं हे दोन्ही बाजूंना मान्यच होतं. तरीही ऑटन यांनी निकाल दिला तो मालकाच्या बाजूनं. जुन्या गाड्यांच्या दुनियेत या निकालावर आजही हमरीतुमरी होते. तो बरोबर होता, आणि भारतात व्हिंटेज गाड्यांचे नियम लिहिणाऱ्यांनी तो एकदा वाचायला हवा, असं म्हणायला भक्कम कारण आहे. त्यासाठी आधी ही गाडी काय काय सोसून कोर्टापर्यंत पोचली ते पाहायला हवं.

वॉल्टर ओवेन बेंटली हा रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केलेला आणि पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिनं घडवलेला माणूस. 1919 साली त्यानं मोटारींची कंपनी काढली. त्याच्या गाड्या अवाढव्य, जड आणि कमालीच्या टिकाऊ. एतोरे बुगाती त्यांना जगातले सर्वांत वेगवान ट्रक म्हणायचा, असं सांगतात. टोमणा असला तरी त्यात खोटं फारसं नव्हतं. पण चोवीस तास न थांबता पळायचं तर ट्रकचा दमच लागतो. 1924 साली बेंटलीनं ल माँ पहिल्यांदा जिंकली, आणि 1927 ते 1930 अशी सलग चार वर्षं तिथं दुसऱ्या कुणाला पहिलं येऊ दिलं नाही. 1927चा विजय तर व्हाइट हाउसच्या वळणावर झालेल्या साखळी अपघातातून वाकड्यातिकड्या अवस्थेत बाहेर पडलेल्या गाडीनं मिळवला होता.

कंपनीची तिजोरी मात्र कायम खडखडत असे. तिला तारलं वुल्फ बार्नाटोनं. किंबर्लीच्या हिऱ्यांवर अफाट श्रीमंत झालेल्या बार्नी बार्नाटोचा हा मुलगा 1926 साली कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि अध्यक्ष असूनही शर्यतीत स्वतः चाकामागे बसू लागला. हौशी धनिकाचं कौतुक मालकाच्या तोंडावर सगळेच करतात, पण याचे आकडे कौतुकाची वाट पाहत नाहीत. ल माँमध्ये तो तीनदा उतरला, 1928, 1929 आणि 1930 साली, आणि तिन्ही वेळा जिंकला.

त्यातले शेवटचे दोन विजय या खटल्यातल्या गाडीचे. ती होती स्पीड सिक्स. साडेसहा लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, शर्यतीच्या रूपात सुमारे दोनशे अश्वशक्ती. सुपरचार्जर नाही, कारण कंप्रेसर बसवून ताकद वाढवणं वॉल्टर बेंटलीला पटत नसे. इंजिनच मोठं करा, हा त्याचा खाक्या. 1929 साली या गाडीवर 1 नंबर रंगवलेला होता. बार्नाटो आणि सर हेन्री 'टिम' बर्किन यांनी ती जिंकून आणली, आणि मागोमाग आणखी तीन बेंटली आल्या. पहिले चारही क्रमांक एकाच कंपनीचे. दुसऱ्या आलेल्या जोडीत ग्लेन किडस्टन आणि जॅक डनफी होते. ही दोन्ही नावं पुढे लागतील.

1930 साली गाडीवर नंबर होता 4, पण तोवर 'ओल्ड नंबर वन' हे नाव चिकटलं होतं. त्या वर्षीची शर्यत आठवली जाते ती मर्सिडीजमुळे. रुडॉल्फ काराचियोला सात लिटरची सुपरचार्जरवाली एसएसके घेऊन आला होता आणि त्याच्यामागे बर्किन आपली 'ब्लोअर', म्हणजे सुपरचार्जरवाली, बेंटली जिवाच्या आकांतानं पळवत होता. एकदा तर त्यानं दोन चाकं गवतावर घालून, टायरच्या चिंध्या होत असताना मर्सिडीजला मागे टाकलं. रात्री मर्सिडीज बिघडून थांबली, पुढे बर्किनचीही गाडी टिकली नाही. घड्याळासारख्या चाललेल्या दोन स्पीड सिक्स पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. पहिलीत बार्नाटो आणि किडस्टन होते. चोवीस तासांत 2,930 किलोमीटर.

त्यानंतर बेंटलीनं अधिकृत शर्यती बंद केल्या. जागतिक मंदीत पंधराशे पौंडांहून महाग गाड्या घेणार कोण? जुलै 1931मध्ये कंपनी बुडाली आणि वर्षअखेर रोल्स-रॉइसनं ती सव्वा लाख पौंडांच्या आसपास विकत घेतली. माणसंही पांगली. किडस्टन त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत विमान कोसळून गेला, बर्किन 1933 साली गेला.

गाडी मात्र थांबली नाही, आणि खटल्याची खरी गुंतागुंत इथून सुरू होते. ती म्युझियममध्ये गेली नाही, कुणी तिच्यावर कापड टाकून ठेवलं नाही. बार्नाटोनं ती लंडनजवळच्या ब्रुकलँड्सवर पळवण्यासाठी तयार करून घेतली. 1907 साली खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला हा काँक्रीटचा ट्रॅक. दोन्ही टोकांना भिंतीसारखी उभी चढलेली वळणं. 1931च्या पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी ताशी सुमारे 190 किलोमीटरच्या सरासरीनं ती जिंकली. पुढच्या वर्षी आणखी वेग हवा म्हणून तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवलं.

24 सप्टेंबर 1932. तीच पाचशे मैलांची शर्यत. जॅक डनफीनं आपली पाळी संपवून गाडी धाकट्या भावाच्या, क्लाइव्हच्या हाती दिली. एका गाडीला ओलांडताना क्लाइव्हची चाकं वळणाच्या वरच्या कडेवर चढली आणि गाडी ट्रॅकबाहेर उडाली. क्लाइव्ह जागीच गेला. जॅक त्यानंतर पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

मोडलेली गाडी पुन्हा उभी केली गेली, या वेळी रस्त्यावर वापरायची बंद टपाची कूपे म्हणून. पुढे अनेक दशकांनी तिला पुन्हा शर्यतीच्या काळासारखी उघडी बॉडी चढली. म्हणजे एकाच गाडीचे निदान चार अवतार: 1929ची, 1930ची, 1932ची आणि मग रस्त्यावरची. कोर्टात तज्ज्ञांनी नटबोल्टापर्यंत उलटतपासणी सोसली. त्यातून निघालेला हिशेब असा. 1929 साली ल माँ जिंकलेल्या गाडीतलं, कुठल्या सालचे ते सांगता येणार नाही असे किरकोळ भाग सोडले तर, जवळपास काहीच उरलेलं नाही. 1930च्या गाडीतले पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं आवरण आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच. 1932ची चासी आणि आठ लिटरचं इंजिन आहेत, तेही दुरुस्त करून पुन्हा उभारलेल्या स्वरूपात.

एवढं कबूल केल्यावर निकाल खरेदीदाराच्या बाजूनं जायला हवा होता, असं कुणालाही वाटेल. ऑटन यांनी वेगळी वाट धरली. ही गाडी 'मूळ' नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. पण ती नक्कल नाही, आणि मेलेल्या गाडीच्या नावानं नव्यानं बांधलेली दुसरी गाडीही नाही. सुटे भाग बदलत गेले ते हळूहळू, काळाच्या ओघात, शर्यतीच्या आणि अपघाताच्या गरजेनुसार. प्रत्येक टप्प्यावर नवे भाग आधीच्या गाडीत सामावले गेले, ओळख कुठेही तुटली नाही. आणि 'ओल्ड नंबर वन' या नावावर हक्क सांगेल अशी दुसरी कुठलीही बेंटली जगात नाही. विक्रीला होतं ते नुसतं लोखंड नव्हे, त्या गाडीचा इतिहास आणि तिचा लौकिकही. म्हणून ती अस्सल.

टीकाकार म्हणतात, ही कायद्याची चलाखी आहे. खरेदीच्या सौद्याचा निवाडा करायचा म्हणून न्यायमूर्तींनी अस्सलपणाची व्याख्या सैल केली. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. पण शर्यतीची गाडी मुळात काय असते याचा विचार केला तर तो टिकत नाही. शर्यत म्हणजे भाग झिजवण्याचा, तोडण्याचा आणि बदलण्याचा उद्योग. एका मोसमात टायर, ब्रेक, स्प्रिंगा, पिस्टन, कधीकधी आख्खं इंजिन बदललं जातं. 1929ची शर्यत जिंकून 1930 साली स्टार्टलाइनला उभी राहिली तेव्हाच ही गाडी बरीचशी बदललेली होती, आणि त्या बदलाबद्दल तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. ज्या दिवशी ती जिंकत होती त्या दिवशी जो निकष लावला नाही, तो साठ वर्षांनी लावायचा कसा?

उलट बाजूनंही तपासता येतं. 'मूळ नकाशाबरहुकूम' हाच अस्सलपणा मानला, तर सगळ्यात अस्सल स्पीड सिक्स अलीकडेच तयार झाल्या असं म्हणावं लागेल. बेंटलीनं स्वतःच 2023मध्ये जुन्या स्पीड सिक्सच्या बारा नव्या गाड्या बांधायला घेतल्या, प्रत्येकी पंधरा लाख पौंडांना. त्याआधी 'ब्लोअर'च्या बारा नव्या गाड्या केल्या होत्या, आणि त्यासाठी बर्किनच्या संघातली एक खरी गाडी पूर्ण खोलून तिचा एकेक भाग लेझरनं मोजला होता. काम अचाट आहे, कारागिरीला नावं ठेवायला जागा नाही. स्क्रूपर्यंत सगळं 1929-30 सारखं. पण त्यांतली एकही गाडी गवतावर दोन चाकं घालून मर्सिडीजला ओलांडून गेलेली नाही. जी ब्रुकलँड्सच्या कडेवरून खाली पडली, ती वाकडीतिकडी, पुन्हा ठोकून सरळ केलेली गाडीच खरी. नव्या बारा गाड्या सुंदर प्रती आहेत, आणि कंपनी त्यांना प्रती म्हणूनच विकते हा तिचा प्रामाणिकपणा.

मात्र 'इतिहास अखंड हवा' असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: तो अखंड आहे हे कळणार कसं? आठवणींवर भिस्त ठेवली तर काय होतं याचा नमुना बार्नाटोच्याच आयुष्यात आहे. मार्च 1930मध्ये त्यानं पैज लावली की कान शहरातून निघालेली 'ब्लू ट्रेन' कॅलेला पोचायच्या आत आपण गाडीनं लंडन गाठू. गाठलंही. पुढे कित्येक दशकं चित्रांत, मासिकांत, संग्रहांत 'ब्लू ट्रेन बेंटली' म्हणून मिरवली ती गर्नी नटिंगनं बॉडी बांधलेली उतरत्या टपाची देखणी कूपे. नंतर कागद तपासले तेव्हा कळलं की ती कूपे मेमध्ये तयार झाली, पैजेनंतर. त्या रात्री पळाली होती मलिनर बॉडीची साधी सलून. दिसायला देखणी असलेल्या गाडीला देखणी गोष्ट चिकटली, इतकंच. कुणी खोटं बोललं असंही नाही. नोंद पाहायची तसदी कुणी घेतली नाही.

'ओल्ड नंबर वन'चा मालक जिंकला तो नोंदींमुळेच. बेंटली कंपनीची सर्व्हिसची कागदपत्रं, शर्यतीचे अहवाल, छायाचित्रं, जुन्या मेकॅनिकांच्या साक्षी. प्रत्येक बदलामागे साल होतं, कारण होतं. हे कागद नसते तर तीच गाडी, तेच लोखंड, आणि निकाल नेमका उलटा लागला असता.

रेस्टोरेशनच्या धंद्यात याच्या उलट हवा बराच काळ होती. पन्नास वर्षांपूर्वी जुनी गाडी 'तयार करायची' म्हणजे ती पूर्ण खोलायची, रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, पुट्टी, प्रायमर, चकचकीत रंग, नवं क्रोम, नवं कातडं. शर्यतीचे ओरखडे, दगडांचे टवके, मेकॅनिकनं घाईत हातानं लिहिलेले आकडे, सगळं जायचं. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली यादवकालीन देवळाच्या दगडाला तैलरंग फासतात आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स बसवतात, तोच हा प्रकार. श्रद्धा खरी, नुकसानही खरं. कारखान्यातून निघाली त्या दिवसापेक्षाही गुळगुळीत झालेल्या अशा गाड्यांना प्रदर्शनांत बक्षिसं मिळत राहिली, त्यामुळे मालकांना तरी दोष किती द्यायचा.

या हवेविरुद्ध ठामपणे उभा राहिलेला एक माणूस म्हणजे फिलाडेल्फियाचे न्यूरोसर्जन फ्रेड सिमिओन. त्यांनी आयुष्यभर रेसिंग गाड्या जमवल्या आणि 2008 साली त्यांचं म्युझियम उघडलं. त्यांच्या संग्रहातली सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे शेल्बी कोब्रा डेटोना कूपे, चासी नंबर सीएसएक्स 2287. अशा सहाच कूपे बनल्या, त्यातली ही पहिली. फेरारीच्या जीटीओला हरवण्यासाठी पीटर ब्रॉकनं तिचा आकार काढला होता. फेब्रुवारी 1964मध्ये डेटोनाला पहिल्याच शर्यतीत तिला पिटमध्ये आग लागली, आणि महिन्याभरात सेब्रिंगला तिनं आपला वर्ग जिंकला. 1965च्या नोव्हेंबरात बॉनव्हिलच्या मिठागरावर तिच्यावर वेगाचे विक्रम झाले. मग ती विकली गेली, हातोहात फिरली आणि तीस वर्षांच्या आसपास एका भाड्याच्या गुदामात कुणाला पत्ता न लागता धूळ खात पडली. 2001च्या सुमाराला सापडली तेव्हा कुठल्याही नामवंत वर्कशॉपनं ती सहा महिन्यांत नव्यासारखी करून दिली असती, आणि बाजारभावही चढला असता. सिमिओन यांनी तिला चालू केलं, सुरक्षित केलं आणि बाकी जुना रंग, टवके, खुणा होत्या तशा ठेवल्या. 2014 साली अमेरिकेत ऐतिहासिक वाहनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली तेव्हा तिच्यात पहिलं नाव याच गाडीचं लागलं. सिमिओन 2022 साली गेले. गाडी आजही तशीच आहे.

यावरून 'काहीच करू नका' असा सोवळा नियम मात्र काढता येत नाही. कारण काही गाड्यांना न शिवणं म्हणजे त्यांना मरू देणं.

वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर 3 मार्च 1927 रोजी जे. जी. पॅरी-थॉमस हा इंजिनिअर जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम परत मिळवण्यासाठी 'बॅब्स' नावाची राक्षसी गाडी पळवत होता. 27 लिटरचं विमानाचं लिबर्टी इंजिन, साखळीनं फिरणारी मागची चाकं. काउंट लुई झबोरोवस्कीनं ती बांधायला घेतली होती. तो 1924 साली माँझाला मर्सिडीज चालवताना मेला, आणि पॅरी-थॉमसनं त्याच्या इस्टेटीकडून ती अवघ्या 125 पौंडांना घेतली. 1926च्या एप्रिलमध्ये त्यानं याच वाळूवर ताशी 275 किलोमीटर गाठून विक्रम केला होता. फेब्रुवारी 1927मध्ये माल्कम कॅम्पबेलनं तो मोडला. परत मिळवायच्या प्रयत्नात गाडी उलटली आणि पॅरी-थॉमस ठार झाला. साखळी तुटून त्याच्या डोक्याला लागली अशी समजूत पुढे कित्येक वर्षं होती. मित्रांनी तुटलेली बॅब्स त्याच किनाऱ्यावर खड्डा खणून पुरली.

1969 साली वेल्समधल्याच ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या अध्यापकानं ती शोधून बाहेर काढली. बेचाळीस वर्षं खाऱ्या वाळूत राहून पत्रा बराचसा खाल्ला गेला होता. पुरलेली गाडी उकरावी का, यावर तेव्हा लोक भांडले. काहींना ते थडगं उघडण्यासारखं वाटलं. ओवेननं पुढची अनेक वर्षं घालवून ती चालती केली. जे वाचलं ते वापरलं, जे गेलं ते नव्यानं घडवलं. पण या कामातूनच एक गोष्ट निघाली जी वाळूखाली कायमची राहिली असती: सापडलेल्या अवशेषांवरून अपघाताचं कारण साखळी नसून मागचं चाक निकामी होणं असावं, असं मत पुढे आलं. म्हणजे दुरुस्ती हीच तपासणी ठरली. आज ही गाडी पेंडाइनच्या वेगाच्या म्युझियममध्ये आणि ब्रुकलँड्समध्ये आळीपाळीनं पाहायला मिळते, आणि तिचं इंजिन अजूनही गरजतं.

तिसरं टोक इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या माज्योरे सरोवरात सापडतं. 1925ची बुगाती ब्रेशिया, 1936 साली जकात थकली म्हणून अधिकाऱ्यांनी पाण्यात सोडली अशी तिची कथा. पन्नास मीटरहून खोल तळाशी ती सत्तरेक वर्षं पडून होती. स्थानिक पाणबुड्यांनी 2009 साली ती वर काढली आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात तिला 2 लाख 60 हजार 500 युरो मिळाले. विकत घेणाऱ्या पीटर मुलिन या अमेरिकन संग्राहकानं ती दुरुस्त केली नाही. गंजलेली, भोकं पडलेली, एका बाजूनं विरघळलेली, तशीच ठेवली. इथं तेच बरोबर होतं. ब्रेशिया गाड्या जगात आणखी आहेत, चालू स्थितीतही आहेत. सरोवरातून आलेली एकच. तिच्याजवळ दाखवण्यासारखं जे आहे ते गंजातच आहे.

तीन गाड्या, तीन वेगळी उत्तरं, आणि तिन्ही पटतात, कारण प्रत्येक ठिकाणी गाडीचं खरं आयुष्य कोणतं हे आधी ठरवलं गेलं आणि हात लावला किंवा आवरला तो त्यानंतर. तिन्ही ठिकाणी काय जुनं आणि काय नवं हे पाहणाऱ्याला सांगितलं जातं, लपवलं जात नाही.

आता आपल्याकडे वळू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै 2021मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार. रोजच्या किंवा व्यापारी वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि देखभालीसाठीच रस्त्यावर. इथवर सगळं स्वागतार्ह. राज्य पातळीवर तपासणीसाठी समित्या नेमायची तरतूदही चांगली. त्याआधी या गाड्यांना कायद्यात धड जागाच नव्हती.

अडचण व्याख्येत आहे. गाडी 'मूळ स्वरूपात' जपलेली हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको, अशी अट आहे. हेतू समजण्यासारखा आहे. जीपच्या चासीवर फायबरची टपोरी बॉडी चढवून 'व्हिंटेज' म्हणून लग्नाच्या वरातीत फिरणाऱ्या गाड्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत, त्यांना दूर ठेवायलाच हवं. पण हीच अट अक्षरशः लावली तर ल माँ दोनदा जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' भारतात व्हिंटेज म्हणून नोंदवता येणार नाही. बॅब्सलाही दार बंद.

प्रश्न परदेशी गाड्यांपुरता असता तर सोडून देता आला असता. भारतातल्या जुन्या गाड्यांचा इतिहासच फेरबदलांचा आहे. संस्थानिकांनी मागवलेल्या कित्येक गाड्यांवर नंतर इथल्या कारागिरांनी वेगळी बॉडी बांधली. मिरवणुकीची गाडी शिकारीची झाली. परवाना राजच्या काळात परदेशातून सुटा भाग आणणं जवळजवळ अशक्य होतं, तेव्हा गाडी भंगारात जाऊ नये म्हणून लोकांनी अँबेसिडरचं इंजिन बसवलं, लेथवर हातानं भाग कातून घेतले. मुंबई-पुण्यातल्या जुन्या फिटरांच्या हातातून असा एखादा तरी बुश किंवा गिअर निघाला नाही असं होणार नाही. त्या दुरुस्त्या म्हणजे या देशातल्या त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहेत. 'मूळ स्वरूप' या अटीमुळे मालकापुढे दोनच रस्ते उरतात. एक, परदेशातून महागडे भाग आणून इथला सगळा इतिहास पुसायचा. दोन, बदल झालेच नाहीत असं कागदावर दाखवायचं. दुसरा रस्ता स्वस्त आहे, त्यामुळे कोणता निवडला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

गंमत म्हणजे उपाय आपल्याच कायद्यात आहे. इंजिन बदललं तर आरटीओकडून आरसी बुकात नोंद करून घ्यायची असते. प्रत्येक सामान्य वाहनधारकाला हे लागू आहे. व्हिंटेज गाडीकडून मागायला हवी ती हीच शिस्त, आणखी खोलवर. काय बदललं, केव्हा, कुणी, कशासाठी. जुना भाग कुठं आहे. आधीची छायाचित्रं कुठली. ज्या गाडीचा असा माग पहिल्या नोंदणीपासून लागतो ती व्हिंटेज, मग तिच्यात दुसरं इंजिन का असेना. जिचा माग लागत नाही तिला समितीनं खुशाल नाकारावं, ती कितीही चकाकत असली तरी.

बदल छोटा आहे: व्याख्येतली फेरबदलबंदीची अट काढून तिथं बदलांच्या दाखल्याची सक्ती आणावी, आणि समित्यांवर आरटीओ अधिकाऱ्याबरोबर एक अभिलेख तपासू शकणारी व्यक्ती नेमावी. मंत्रालयानं हे करायचं तेव्हा करावं. ज्यांच्या शेडमध्ये आजोबांच्या काळातली गाडी उभी आहे त्यांना थांबायचं कारण नाही. गाडी रंगायला देण्याआधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवा, आणि तिच्यावर काम केलेला म्हातारा मिस्त्री अजून हयात असेल तर या आठवड्यात त्याच्याकडे जाऊन त्याला आठवतंय ते लिहून घ्या.